जामसांवलीच्या वाटेवर पाण्याची घडी

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सावनेर मागे पडले, की सीमा ओलांडून सौंसरचा मुलूख लागतो. राज्य बदलते, कानांवरची मराठी मात्र तीच राहते. संत्र्यांच्या बागांच्या या प्रदेशात जामसांवलीचा मारुती पहुडलेल्या मुद्रेत आहे. त्याच्या नाभीतून पाझरते अशी श्रद्धा असलेले जल भाविक तीर्थ म्हणून घेतात. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि हे क्षेत्र त्यात आले.

हनुमान जयंती चैत्री पौर्णिमेची. तेव्हा ऊन ऐन भरात असते. म्हणून पायी निघणाऱ्याने पाणी कशातून न्यावे, हा प्रश्न किरकोळ नव्हे. लिटरभर पाण्याचे किलोभर वजन कोणास चुकत नाही. भांड्याचे ओझे मात्र आपल्या निवडीवर असते. पूर्वजांची चामड्याची पखाल भरली की फुगे, रिती झाली की घडी होई. जाड कापडाच्या पिशवीतून पाणी झिरपे, वाऱ्याने सुके आणि आतले पाणी गार राही. त्या गारव्यासाठी थोडे पाणी गमवावे लागे.

आजची प्लॅस्टिकची घडीची पिशवी झिरपत नाही, म्हणून गारवाही देत नाही. तीवर ओले फडके गुंडाळावे. विकत घेताना आम्ही आकारापेक्षा तोंड आणि जोड पाहतो. तोंड रुंद असेल तर पिशवी भरणे व आतून धुणे सोपे जाते. निघण्यापूर्वी ती भरून रात्रभर कागदावर उलटी ठेवावी. सकाळी कागद कोरडा हवा. पिशवी पिण्याच्या पाण्यासाठीच बनविलेली असावी. तीत सरबत किंवा कढत चहा घालू नये. घरी परतल्यावर ती फुगवून, तोंड उघडे ठेवून सावलीत वाळवावी. अन्यथा कुबट वास धरतो.

तथापि सारा भरवसा तिच्यावर टाकू नये. बाभळीचा एक काटा तिला पुरे होतो. पिण्यासाठी एक टणक बाटली हाताशी असावी आणि घडीची पिशवी राखीव. पाणपोया जवळजवळ असतील तेथे ती रितीच राहू द्यावी. पुढचा टप्पा लांब व निर्जन असेल, तर तो सुरू होण्यापूर्वी भरून घ्यावी. बरोबर मुले किंवा वृद्ध असतील, तर ते पाणी त्यांचे समजावे. तहान लागल्यावर पाणी शोधण्यापेक्षा, पाणी दिसेल तेथे ते भरून घेणे केव्हाही शहाणपणाचे.