शेजारची विहीर

काळी नदीवर १९८७ साली पुऱ्या झालेल्या १०१ मीटर उंचीच्या धरणामागे आमचे जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली आणि आमच्यासारखी कित्येक कुटुंबे रामनगरला येऊन वसली. तेथे वडिलांनी भाताची गिरणी नव्याने उभारली व तिच्या इंजिनासाठी परसात डिझेलची लोखंडी टाकी पुरली. पुढे गिरणीला वीज मिळाली, इंजिन विकले गेले. टाकी मात्र जमिनीतच राहिली आणि आम्ही तिला विसरलो.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या मावशी म्हणाल्या, “बाळा, आमच्या विहिरीच्या पाण्याला घासलेटासारखा वास येतो रे. तुमच्याकडे येतो का?” आमच्या पाण्याला वास नव्हता. मला हायसे वाटले, पण क्षणभरच. आमची विहीर टाकीच्या वरच्या अंगाला होती, त्यांची उताराला.

त्या रात्री मी आईला म्हणालो, “आपण गप्प राहिलो तर कोणाला कळणार आहे?” आई शांतपणे म्हणाली, “दुसऱ्यांच्या घरी दिवे लागावेत म्हणून आपले घर बुडाले. त्याचे दुःख तुला ठाऊक आहे. आता तू मावशींचे पाणी बुडवणार?”

सकाळी मी मावशींपाशी सारे कबूल केले. मग एका जाणत्या भूजलतज्ज्ञाला बोलावले. त्यांनी प्रथम आसपासच्या तीन विहिरींतील पाण्याची पातळी मोजली. तीन ठिकाणच्या पातळ्या कळल्या की भूमीखालचे पाणी कोणीकडे वाहते हे समजते. नंतर टाकीभोवती निरनिराळ्या खोलीवरची माती काढून काचेच्या बरण्यांत घट्ट बंद केली व बर्फात ठेवली, कारण तेलाचा अंश वाफेबरोबर उडून जातो. डिझेल पाण्याहून हलके असल्याने वर तरंगते, परंतु त्याचा काही भाग पाण्यात विरघळतो. इंधनातील बेंझीन नावाचे द्रव्य रक्ताचा कर्करोग उत्पन्न करू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा हिस्सा, इतकीच ठेवली आहे. त्यामुळे केवळ नाकावर विसंबून चालत नाही.

तपासणीत आमची शंका खरी ठरली. टाकीचा तळ गंजला होता व खालची माती काळी पडली होती. जाणत्या माणसांकडून टाकी काढवली, कारण रिकाम्या टाकीतील वाफही पेट घेते. दूषित मातीही उपसली. तथापि मातीत मुरलेले तेल एका पावसाळ्यात जात नाही. मावशींची विहीर अजून बंद आहे. आमच्या विहिरीतून त्यांच्या अंगणापर्यंत आम्ही नळ नेला आहे.

वाचकहो, हे केवळ आमच्याच घरी घडले असे नव्हे. गोव्यात दाबोळीजवळील माटवे येथे २०२४ साली विहिरींत इंधन आढळले होते. आपल्या परसात एखादी जुनी टाकी पुरलेली असेल, तर तिची आठवण आजच करा. पाण्याला वास येत असल्यास ते पिऊ नका, उकळूनही नको. आणि विहिरीत दिवा सोडू नका.

मावशींनी आम्हांला एका शब्दानेही दुखवले नाही. पहिल्या दिवशी नळाखाली कळशी भरताना त्या एवढेच म्हणाल्या, “तू सांगितलेस म्हणून कळले, बाळा.” ते शब्द ऐकून माझी मान खाली गेली, कारण न सांगण्याच्या मी किती जवळ होतो, हे त्यांना ठाऊक नव्हते.