भाज्याच्या ओढ्यावरचा शीळकरी

मागच्या पावसाळ्यात, जुलैतल्या एका रविवारी, वस्तीतल्या अभ्यासिकेची वीस-बावीस मुले घेऊन आम्ही भाजे लेणी पाहायला गेलो. लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरली, मळवलीला उतरलो आणि द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून चालत गाव गाठले. डोंगर ढगात बुडालेला आणि कड्यावरून पाण्याच्या धारा कोसळत होत्या.

पायऱ्या चढताना शीळ ऐकू आली. लांबलचक, गोड, पण सूर धरता धरता मध्येच सोडून देणारी. आम्हाला वाटले, आपलाच कुणी पोरगा पुढे पळाला. आम्ही दरडावले, "कोण रे तो? रांगेत चला!" मुले एकमेकांकडे पाहू लागली. वाटेत भाजलेली कणसे विकणारे एक आजोबा हसले. म्हणाले, "गुरुजी, पोरं न्हाईत, पाखरू हाय त्ये."

तो होता शीळकरी कस्तूर. इंग्रजांनी त्याला 'शीळ घालणारा शाळकरी पोर' असेच नाव ठेवले होते. म्हणजे फसलेले आम्ही पहिलेच नव्हतो!

हा पक्षी साळुंकीपेक्षा किंचित मोठा, सुमारे २५ सेंटीमीटर. लांबून काळाकुट्ट दिसतो, पण उजेड पडला की कपाळ आणि खांदे निळे चमकतात. गुजरातच्या डांगापासून केरळपर्यंतचा सह्याद्री हे त्याचे मुख्य घर. सातपुड्यात आणि पूर्व घाटाच्या काही भागांतही तो राहतो. भारताबाहेर मात्र तो सापडत नाही. झाडीतला वाहता ओढा हीच त्याची वस्ती, आणि एकदा धरलेला ओढा तो सहसा सोडत नाही.

आपण पावसात छपराची डागडुजी करतो, तेव्हा हा संसार मांडतो. धबधब्याजवळच्या कपारीत शेवाळ, मुळ्या आणि चिखल लिंपून वाटीसारखे घरटे बांधतो. अंडी दोन ते चार. ती सोळा-सतरा दिवस उबवावी लागतात. पावसाळ्यात गांडुळे, किडे, बेडूक, खेकडे यांची चंगळ असते, त्यामुळे पिलांच्या पोटाची सोय होते.

हे सारे आम्हाला नंतर वाचून कळले. त्या दिवशी मात्र आमच्या हातून चूक झाली. ओढ्याकाठी पाण्याची धार पाहून आम्ही मुलांना कड्याला लागून उभे केले. फोटो, आरडाओरडा, गाणी सुरू झाली. समोरच्या दगडावर तोच पक्षी चोचीत गांडुळे धरून बसला होता. शीळ बंद. शेपटी उघडत-मिटत मधूनच कर्कश ओरडायचा. मुलांना त्याची गंमत वाटली.

तेवढ्यात मागून आजोबा आले. "गुरुजी, तुमी त्येच्या दारात हुबं हायसा. सरका की."

आम्ही वर पाहिले. डोक्यावर दोन हातांवर, कपारीत शेवाळाची वाटी, आणि तिच्यातून तीन उघड्या चोची.

सगळी मुले ओढ्यापलीकडे नेली. कुणी बोलेना. घड्याळात सात मिनिटे झाली, तेव्हा पक्षी भिरकन कपारीत शिरला, आणि लगेच रिकाम्या चोचीने बाहेर पडला. सातवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आपण तिथं किती वेळ होतो?"

अर्धा तास! तिची आई घरकाम करून परतेपर्यंत धाकट्या भावंडाला तीच सांभाळते. उपाशी राहणे म्हणजे काय, हे तिला आम्ही सांगायला नको होते.

मग लेणी पाहिली. मुलांनी स्तूप मोजले, वहीत टिपून घेतले. पण परतीच्या लोकलमध्ये बोलणे त्या पाखराचेच होते.

पावसाळी सहलीला जाणाऱ्या वाचकांना एवढेच सांगणे : ओढ्याकाठी एखादा काळा पक्षी चोचीत घास धरून ओरडताना दिसला, तर चार पावले मागे सरा. त्याला घरी जायचे असते.