चाड्यावरची मूठ आणि पदवी

कृषि-अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेल्या तरुणांस काम येत नाही, ही कारखानदारांची तक्रार. काम येत असूनही जागा मिळत नाही, ही तरुणांची. दोन्ही आमच्या कानांवर इतक्या वेळा आल्या आहेत की, त्यांतील एकीस खोटे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

पेरणीयंत्राचेच पाहावे. प्रयोगशाळेत त्याचे चाक जमिनीपासून उचलून ठरावीक फेरे फिरवितात, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधून पडलेले बी तोलतात, आणि हेक्टरी बियाण्याचा हिशेब मांडतात. हिशेब बिनचूक असतो. परंतु तेच यंत्र मृगाच्या पावसानंतर काळ्या रानात उतरले म्हणजे चाक घसरते, फणास चिखल धरतो, नळी तुंबते. आणि एक ओळ रिकामी गेली हे उगवण झाल्यावर, आठ दिवसांनी कळते. तोवर वाफसा गेलेला असतो. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईस नळी तुंबल्याचे तत्काळ समजे, कारण बी तिच्या बोटांशीच थांबे. यंत्राने तिचा हात मोकळा केला. तिचे लक्ष कोणी उचलावे, हे मात्र अभ्यासक्रमात कोठेच लिहिलेले नाही.

हे शास्त्र आपल्याकडे पुस्तकातून आले असेही नाही. मेसन वॉ हे अमेरिकन अभियंते १९२१ साली अलाहाबादच्या कृषि-संस्थेत आले, बैलांनी ओढावयाचे सुधारलेले नांगर त्यांनी तेथे घडविले, आणि १९४२ साली त्याच संस्थेत या विषयाचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. आधी नांगर, मग पदवी! लक्ष्मणराव किर्लोस्करांपाशी तर अभियांत्रिकीची पदवीही नव्हती. लोखंडाने जमीन विषारी होते ही शेतकऱ्यांची समजूत त्यांच्या नांगरास आडवी आली, आणि पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात. ती समजूत ऐकून घेणे हेही अभियंत्याचेच काम होते.

तरीपण मालक मागेल तेच शिकवावे, या मताचे आम्ही नाही. आमच्या परिचयाचे एक अवजारांचे कारखानदार आम्हांस म्हणाले, "सूत्रे पाठ असणारा नको, रागावलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहून बिघाड शोधणारा द्या." बोलणे आम्हांस पटले. अशा माणसास वेतन काय द्याल, असे विचारताच त्यांनी चहा मागविला. पुढे समजले की, नोकरीस ठेवलेल्या पदवीधराकडे त्यांनी विक्रीचे आकडे गाठण्याचेच काम दिले होते. असा तरुण दोन वर्षांत स्पर्धा-परीक्षेच्या पुस्तकांकडे वळला, तर दोष एकट्या महाविद्यालयाच्या पदरी बांधता येत नाही.

२०१५ सालापासून कृषि-विद्यापीठांत 'स्टुडंट रेडी' या नावाने पदवीच्या अखेरच्या वर्षी प्रत्यक्ष कामाची योजना आहे. योजना चांगली, पण कारखान्याच्या शिक्क्याचे प्रमाणपत्र आणि सुबक बांधलेला अहवाल यांवरच ती निभावून नेता येते, हा तिचा अवगुण. आमची सूचना लहानशीच आहे. विद्यार्थ्यास मृगात पेरणीयंत्राबरोबर व सुगीत मळणीयंत्राबरोबर धाडावे, त्या दिवसांचे वेतन कारखान्याने द्यावे, आणि गुण देणाऱ्या परीक्षकाने अहवाल बाजूस ठेवून, पेरलेल्या शेतात आठव्या-दहाव्या दिवशी जाऊन रिकाम्या ओळी मोजाव्यात.