लिस्बन की लंडन?

ऑपेराची ध्वनिमुद्रणं ऐकणाऱ्यांची एक जमात आहे आणि ती भांडखोर आहे. यातल्या कुणालाही ‘सध्या काय ऐकताय?’ असं विचारून पाहा. उत्तरात आधी गाव येतं, मग साल. ऑपेराचं नाव आलं तर शेवटी. ‘लिस्बन चाललंय’ म्हटलं की समजून घ्यायचं: 27 मार्च 1958 ची रात्र, सांव कार्लुस नाट्यगृह, व्हेर्दीचा ‘ला त्राव्हिआता’, व्हायोलेत्ता मारिया कॅलास आणि तिचा प्रियकर म्हणून तिशीतला आल्फ्रेदो क्राउस. यावर समोरचा हमखास म्हणणार, ‘मग लंडन ऐका!’ लंडन म्हणजे त्याच वर्षीचा जून, कॉव्हेंट गार्डन, बाई तीच, भूमिका तीच. मध्ये पुरते तीन महिनेही गेलेले नाहीत. त्या तीन महिन्यांवर माणसं उभा जन्म भांडतात.

या भांडणाचं मूळ एका करारात आहे. कॅलासने 1953 मध्ये इटलीच्या चेत्रा कंपनीसाठी त्राव्हिआता मुद्रित केला. पुढची काही वर्षं ती भूमिका दुसऱ्या कंपनीसाठी गायची नाही, अशी अट होती. ईएमआय कंपनीने 1955 मध्ये स्टुडिओत त्राव्हिआता केला तो आंतोनिएत्ता स्तेल्लाला घेऊन. त्यामुळे ज्या वर्षांत कॅलासची व्हायोलेत्ता खरी मुरली, त्या वर्षांतली, निगुतीने केलेली, स्टुडिओतली तबकडी नाहीच. उरले ते नाट्यगृहातले प्रयोग: कुणी रेडिओवरून टिपलेले, कुणी गुपचूप मुद्रित केलेले, या हातातून त्या हातात गेलेले. ईएमआयने लिस्बनचा प्रयोग रीतसर बाजारात आणला तो थेट 1980 मध्ये. पुढे टेरेन्स मॅकनॅली या अमेरिकन नाटककाराने या प्रयोगाच्या नावाने एक नाटकच लिहिलं, असल्या वेडाने झपाटलेल्या माणसांचं. आमच्यासारख्यांनी ते हसत पाहायचं की मान खाली घालून, हे काही ठरत नाही.

मला लिस्बन ऐकवलं ते मुंबईच्या एका बाईंनी. जन्मभर पियानो शिकवला, आता फक्त ऐकतात. पहिल्या अंकाची काही मिनिटं झाली नाहीत तोच त्या म्हणाल्या, “तो प्रॉम्प्टर ऐकलास का?” इटालियन ऑपेरात रंगमंचाच्या पुढच्या कडेला एका खोक्यात प्रॉम्प्टर बसतो आणि प्रत्येक ओळीचे पहिले शब्द गायकाला अगोदर देतो. लिस्बनच्या मुद्रणात त्याचा आवाज चांगला स्पष्ट येतो. कॅलासचं काळीज फाटायच्या अर्धा क्षण आधी एक गृहस्थ घाईघाईने, कोरड्या स्वरात, तेच शब्द बोलून मोकळे होतात. एकदा कळलं की तो कानातून जात नाही. आधी मला त्याचा राग आला. नंतर मजा वाटू लागली, आणि आता तर वाटतं, कॅलास काय करते ते याच्याइतकं कुणी समजावलं नसेल. दुसऱ्या अंकात आल्फ्रेदोचे वडील तिला मुलाचा नाद सोडायला सांगतात आणि ती कबूल होते, ती जागा ऐका. शब्द आधी प्रॉम्प्टरच्या तोंडून येतात, नुसते शब्द, हिशेबाच्या वहीतल्यासारखे. मग मध्ये किंचित पोकळी, आणि त्याच अक्षरांवर तिचा आवाज असा उतरतो की बाई गातेय हेच विसरायला होतं. कच्चा माल आणि घडवलेली वस्तू अशी शेजारीशेजारी क्वचितच मिळते.

लंडनवाल्यांचा सगळा दावा शेवटच्या अंकावर आहे. क्षयाने खंगलेली व्हायोलेत्ता गेलेल्या दिवसांचा निरोप घेते, आणि तिथला शेवटचा उंच स्वर आवाजाच्या नुसत्या धाग्यावर धरावा, असं व्हेर्दीने लिहून ठेवलंय. लंडनला तो धागा थरथरतो, तुटेल तुटेल असं होतं. एक पक्ष म्हणतो, हे गायिकेचं अपयश, तिच्या आवाजाची उतरती कळा सुरू झालीच होती. दुसरा म्हणतो, मरणाऱ्या बाईचा स्वर काय ठणठणीत लागणार? मी दुसऱ्या पक्षात आहे, पण पहिल्याचं म्हणणं ऐकल्यापासून तो स्वर मला निवांतपणे ऐकता आलेला नाही.

सांगितलेलं ऐकू येतं, हीच तर या छंदातली गोम आहे. कंडक्टर फुर्टवेंगलरने 1952 मध्ये लंडनला वाग्नरचा ‘त्रिस्तान आणि इझोल्ड’ मुद्रित केला. इझोल्ड होती किर्स्टन फ्लॅगस्टॅड, वय 56. दुसऱ्या अंकातले दोन अतिउंच स्वर तिला आता सहज लागत नव्हते, म्हणून ते एलिझाबेथ श्वार्त्सकॉफने गायले. बातमी फुटली आणि फ्लॅगस्टॅड दुखावली. तेव्हापासून प्रत्येक नवा श्रोता हा किस्सा आधी ऐकतो, तबकडी मागाहून, आणि तो सांधा आपल्याला स्वच्छ कळला असं छातीठोकपणे सांगतो. मलाही कळतो. डोळे बांधून परीक्षा द्यायला मात्र मला सांगू नये.

स्टुडिओचे भक्त वेगळे. त्यांचा देव डेक्का कंपनीचा निर्माता जॉन कल्शॉ. 1958 ते 1965 या काळात व्हिएन्नाच्या सोफियनझालमध्ये कंडक्टर शोल्टीला घेऊन त्याने वाग्नरचं ‘रिंग’ पूर्ण मुद्रित केलं. वाग्नरने 18 ऐरणी मागितल्या होत्या, याने 18 आणवल्या. जे या ऐरणींबद्दल फार बोलतात ते बहुधा आपल्या स्पीकरबद्दल बोलत असतात, असा माझा अनुभव आहे. पण झुबिन मेहताने 1972 मध्ये लंडनला केलेल्या ‘तुरांदोत’पुढे मीही गप्प बसतो. जोन सदरलँडने तुरांदोतची भूमिका रंगमंचावर कधीच केली नाही. म्हणजे हा प्रयोग कुठल्याही रात्री, कुठल्याही गावात झालेलाच नाही. पावारोत्ती, काबाये आणि सदरलँड तिघांनी तो फक्त तबकडीसाठी उभा केला. बाईंचा यावर विशेष लोभ. मेहता मुंबईचा मुलगा ना!

दुसऱ्या टोकाला मेपलसनच्या नळ्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा हा ग्रंथपाल. 1901 ते 1903 या काळात त्याने चालू प्रयोगातून मेणाच्या नळ्यांवर दोन-दोन मिनिटांचे तुकडे टिपले. ज्याँ द रेश्के या नामवंत गायकाचा आवाज म्हणून आज जे काही उरलंय ते यांतच. पहिल्यांदा फक्त खरखर ऐकू येते. शेजारी कुणीतरी जाणता लागतो, बोट वर करून ‘आता… हा!’ म्हणणारा. मग खरखरीच्या मागे, लांब कुठेतरी, एक माणूस खरोखरच गात असतो.

परवा ओळखीतल्या एका तरुणाला हे सगळं ऐकावंसं वाटलं. सुरुवात कुठून करू द्यावी, यावर बाईंचं आणि माझं फोनवर वाजलं. मी लंडन म्हणालो.

“पहिल्याच दिवशी जखम दाखवायची?” त्या म्हणाल्या. “लिस्बन दे. निदान क्राउस तरी कानावर पडेल. आणि प्रॉम्प्टरचं काही सांगू नकोस. त्याचा त्याला सापडू दे.”

“मला तर तुम्ही पहिल्याच अंकात सांगितलंत.”

“तुला सापडला नसता,” बाई म्हणाल्या.