कळलं कसं, ते लिहिलंय का?

‘मॅडम, केमिस्ट्रीचं अजून काय वाचू?’ असं विचारणारं पोर अकरावी-बारावीच्या वर्गात क्वचितच भेटतं. बाकीच्यांचा प्रश्न ‘हे परीक्षेला आहे का?’ एवढाच. त्यांनाही दोष देववत नाही; सीईटी आणि नीट मानगुटीवर बसलेल्या असतात. पण विचारणारं कुणी भेटलं की मी सावध होते. उत्साहाच्या भरात जाडजूड पुस्तक हातात ठेवलं, तर आठ दिवसांत पुस्तक परत येतं आणि पोर पुन्हा फिरकत नाही.

दुकानात रसायनशास्त्राच्या फळीवर गाइडं, प्रश्नसंच आणि ‘गमतीजमती’ छापाची पुस्तकं असतात. गॅलियम तळहातावर वितळतं, ही गंमत खरीच. पण अशा पन्नास गमती वाचून मूल पुढे काय करणार? दुसऱ्याला सांगणार, संपलं. मी पुस्तक चाळताना एकच गोष्ट शोधते: हे माणसाला कळलं कसं, ते लिहिलंय का?

म्हणून माझी सुरुवात ठरलेली, फॅरडेची मेणबत्ती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१च्या नाताळात त्याने मुलांसमोर दिलेली ही सहा व्याख्यानं. विल्यम क्रुक्सने ती १८६१मध्ये पुस्तकरूपात आणली. (त्याच वर्षी या क्रुक्सला थॅलियमही सापडलं. माणूस रिकामा बसणारा नव्हता!) पुस्तकाचा कॉपीराइट केव्हाच संपलाय, त्यामुळे फुकट मिळतं. इंग्रजी मात्र जुन्या वळणाचं. मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्याच पानावर अडखळतात. मग मी अख्खं पुस्तक देतच नाही, दोन पानांची झेरॉक्स देते आणि प्रयोगशाळा उघडते.

पंखा बंद करायचा, ज्योत हलता कामा नये. वाकवलेल्या काचनळीचं एक टोक ज्योतीच्या मध्यावर, वातीभोवतीच्या काळसर भागात धरायचं. नळी गार असेल तर मेण आतच गोठतं, म्हणून ती आधी शेकून घ्यायची. थोड्या वेळात दुसऱ्या टोकातून पांढरट वाफ निघते. तिथे पेटती काडी नेली की त्या टोकालाही एक छोटी ज्योत धरते. एका मुलीने हे पाहून विचारलं, ‘मग वात कशाला लागते?’ पुढची पानं तिने स्वतःहून मागून नेली.

सॉल्ट अॅनालिसिसला कंटाळलेल्यांसाठी प्रीमो लेव्ही. हा तुरिनचा रसायनज्ञ, नोकरीची बहुतेक वर्षं रंगाच्या धंद्यात. त्याच्या ‘द पिरिऑडिक टेबल’ला (१९७५) एकवीस प्रकरणं, प्रत्येकाला एकेका मूलद्रव्याचं नाव. त्यातलं क्रोमियमचं आधी द्यावं. कारखान्यात गंजरोधक रंगाचे गठ्ठेच्या गठ्ठे थिजून बसलेले असतात आणि लेव्ही जुनी कागदपत्रं उपसत बसतो. तपासणीच्या कृतीत एका अभिकर्मकाचे २ किंवा ३ थेंब लिहिलेले, नकलताना त्यांचे झाले २३, आणि सदोष कच्चा माल तपासणीत पास होत गेला! हे वाचून आमच्या एकाने टायट्रेशनला दोनाऐवजी वीस थेंब फिनॉल्फ्थॅलिन घालून पाहायचं ठरवलं. मी बुरेट भरून दिली. निर्देशक स्वतःच सौम्य आम्ल असतो, हे त्याला पाठ होतं. पण रीडिंगमध्ये ते दिसू शकतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच प्रकरणात उकळत्या जवसाच्या तेलात कांद्याची चकती टाकायच्या जुन्या रीतीची गोष्टही आहे. थर्मामीटर नव्हते तेव्हा तेल किती तापलं ते त्यावरून कळे. आपण कढईत पिठाचा थेंब सोडून पाहतो तसंच. थर्मामीटर आले, तरी कांदा पाककृतीत राहिलाच.

आपल्याकडचे रसायनज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांचं आत्मचरित्र (१९३२) जरा पसरट आहे. निवडून द्यावं लागतं. बेंगॉल केमिकल्स ही कंपनी उभी करतानाचा भाग द्यावा, उपदेशाची पानं गाळावीत.

मराठीत माहितीला तोटा नाही. विश्वकोशातल्या नोंदी नेटवर फुकट आहेत. मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर तर पुस्तकांचा डोंगर आहे. उणीव आहे ती लेव्हीसारख्या लिखाणाची. तारापूर, लोटे, रोहे, पाताळगंगा इथल्या कारखान्यांत किती मराठी केमिस्टांनी उमेदीची वर्षं घालवली! बॅच बिघडली, रात्रपाळीत रिअॅक्टर तापायला लागला, अशा हकिगती त्यांच्याकडे पोत्याने असतील. लग्नकार्यात भेटले की रंगवून सांगतात. अशाच एका जुन्या विद्यार्थ्याच्या मी सध्या मागे लागले आहे. तो म्हणतो, ‘मॅडम, बोलायला सांगा, तासभर बोलतो, लिहायचं म्हटलं की हात चालत नाही.’ तर आता त्याला वर्गावरच बोलावलंय, आणि अकरावीतल्या दोघांना टिपणं घ्यायला बसवणार आहे.