निळा धूर आणि एक लिटरची बाटली



पॉवर वीडर, ग्रास कटर, फवारणीचा पंप, ही छोटी पेट्रोल इंजिनं आता आपल्याकडं घरोघर झालीत. बैलजोडी सांभाळणं परवडत नाही, त्यामुळं तुळजापूर तालुक्यात बऱ्याच जणांच्या सोयाबीनची कोळपणी आता वीडरवरच होते. बैल लंगडायला लागला तर का लंगडतोय ते आपल्याला बघून कळतं. इंजिन धूर मारायला लागलं की मात्र आपण घाबरतो आणि सरळ दुकान गाठतो. म्हणून आज धुराबद्दल लिहितोय.

यंदा जुलैत पाऊस लागून राहिला. उघडीप मिळाल्यावर चौथ्या दिवशी कुठं वाफसा आला. सोयाबीन वीस दिवसांचं, ओळीत तण माजलेलं. पहिल्या महिना-दीड महिन्यात तणानं जे खाल्लं ते नंतर कितीही खुरपलं तरी भरून निघत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात पश्चिमेला परत ढग जमायला लागलेले. अशा वेळी शेजारच्या वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, मशीन लई धूर मारायलंय. मेकॅनिक म्हणतोय रिंग-पिस्टन गेलं. सहा हजार लागतील आन् पाच दिवस मशीन ठेवावं लागंल. काय करावं?"

दादा गेल्यापासून साडेतीन एकर त्या आणि त्यांचा बारावीतला पोरगा बघतात. सहा हजार एक वेळ उसने मिळतील, पण पाच दिवसांत वाफसा जाणार. खुरपायला बाया त्या आठवड्यात कुणालाच मिळत नव्हत्या.

मी गेलो. मशीनला हात लावायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या. धूर कसल्या रंगाचा? निळसर, तेल जळाल्यासारखा वास. कधीपासून? कालपासून, एकदम. त्याच्या आधी मशीनला काय केलं? पोरगा म्हणाला, "काका, परवा ऑइल बदललं. नवी बाटली आणून टाकली."

इथंच निम्मं निदान झालं. रिंग झिजते ती हळूहळू. आधी ऑइल कमी व्हायला लागतं, ताकद उतरते, धूर थोडा थोडा वाढत जातो. परवापर्यंत ठणठणीत चाललेल्या मशीनची रिंग एका रात्रीत झिजत नाही. म्हणजे परवा जे केलं त्यातच काहीतरी आहे.

बाटली एक लिटरची. आपल्या वीडरवर असतात त्या २०० सीसीच्या आसपासच्या चार स्ट्रोक पेट्रोल इंजिनात ऑइल बसतं साधारण ६०० मिली. इंजिन सपाट असेल तर जास्तीचं ऑइल भरायच्या तोंडातून बाहेर सांडतं. पण वीडर नुसतं टेकवून ठेवलं की इंजिन कललेलं राहतं, आणि कललेल्या इंजिनात अख्खी बाटली मावते. जास्तीचं ऑइल मग ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये येतं, तिथून कार्बुरेटरमधून आत जाऊन पेट्रोलबरोबर जळतं. तोच हा निळा धूर. वाहतुकीत मशीन आडवं पाडलं तरी असंच होतं.

आम्ही काय केलं ते क्रमानं सांगतो. दांड्याखाली विटा लावून इंजिन सपाट केलं. खालचा बोल्ट ढिला करून जास्तीचं ऑइल डब्यात काढलं, तोंडाच्या कडेला टेकेल एवढंच ठेवलं. एअर फिल्टर उघडला तर तेलानं चिंब. स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळून, वाळवला. आतला कागदी फिल्टर तेल प्यायला की धुऊन उपयोग नाही, तो नवा घातला. पेट्रोलचा कॉक आणि स्विच बंद करून प्लग काढला, पुसला, आणि दोरी सात-आठ वेळा ओढून आत साचलेलं तेल बाहेर काढलं. या वेळी प्लगच्या भोकासमोर तोंड धरू नका. दोरी घट्ट लागत असेल तर जोर लावू नका, आधी प्लग काढा.

चालू केल्यावर धूर आधीपेक्षा जास्तच आला. वहिनींचा चेहरा उतरला. पण सायलेन्सरमध्ये साचलेलं तेल जळून जायला वेळ लागतो. दहा-बारा मिनिटांत धूर पातळ झाला, मग बंद. संध्याकाळपर्यंत दीड एकर कोळपून झालं, राहिलेलं दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी पाऊस आला.

मेकॅनिकला मी वाईट म्हणत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, हे त्याचं बरोबर होतं. ऑइल तिथं पोचलं कसं, एवढंच विचारायचं राहिलं.

बाकीच्या धुराचंही थोडक्यात सांगतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक लावलेलाच राहिलाय का, फिल्टर धुळीनं भरलाय का, ते बघा. सकाळी गार इंजिनातून जरा पांढरी वाफ निघून थांबली तर काळजी नको. थांबत नसेल तर पेट्रोलमध्ये पाणी गेलंय का बघा. टू स्ट्रोक ग्रास कटरमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, त्यामुळं थोडा निळा धूर येणारच. धूर नको म्हणून नुसतं पेट्रोल घालाल तर पिस्टन जाम होईल. प्रमाण कंपनीच्या पुस्तकात दिलंय तेवढंच घ्या.

आणि ऑइलची पातळी बरोबर, फिल्टर स्वच्छ, तरीही रोज निळा धूर, प्लग परत परत ओला, दोरी हलकी लागते, ऑइल कमी होतंय, असं असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हचंच काम आहे. तेव्हा खर्चाला मागंपुढं बघू नका.

वहिनींच्या पोरानं आता टाकीवर पेंटनं लिहून ठेवलंय: "ऑइल ६०० मिली. मशीन सपाट." तुमच्या मशीनचा आकडा पुस्तकात बघा आणि तुम्हीही लिहून ठेवा. घरात मशीन एकच माणूस चालवत नाही.