बॉम्बची जात ठरते भट्टीत

बेळगाव-उचगाव पट्ट्यातल्या कॉलेजांत अणुविज्ञानावर बोलायला गेलं, की पोखरणचा विषय निघतोच. अणुबॉम्बचं कुठलं तरी गुप्त सूत्र असतं, अशी मुलांची पक्की समजूत असते. तसं ते नाही. डिसेंबर १९३८मध्ये बर्लिनला ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला आणि हाती बेरियम आलं. अणुगर्भ दुभंगला होता, हा त्याचा अर्थ लिझे माइटनर आणि ओटो फ्रिश यांनी लावला. १९३९मध्ये हे सगळं छापूनही आलं. अवघड असतं ते विखंडन होणारं द्रव्य मिळवणं, आणि बॉम्बचा प्रकारही बहुतांशी त्यावरूनच ठरतो.

खाणीतल्या युरेनियमात कामाचं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के. ते वेगळं काढायला प्रचंड कारखाने लागतात, पण एकदा हाती आलं की रचना सोपी. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये तोफेसारख्या नळीतून युरेनियमचा एक भाग दुसऱ्यावर आदळवला. या रचनेवर शास्त्रज्ञांचा इतका भरवसा होता की तिची आधी चाचणीही झाली नाही. सुमारे ६४ किलो युरेनियमातलं एक किलोच्या आसपास फुटलं, आणि त्याची ताकद होती १५ हजार टन टीएनटीएवढी.

प्लुटोनियम अणुभट्टीत तयार होतं. त्यात प्लुटोनियम-२४० मिसळलेलं असतं आणि ते आपोआप न्यूट्रॉन सोडतं, त्यामुळे नळीतले दोन भाग नीट जुळण्याआधीच स्फोट फुसका होतो. म्हणून जुलै १९४४मध्ये अमेरिकेने प्लुटोनियमसाठी नळीची योजना सोडली. मोसंबीएवढ्या गोळ्याभोवती स्फोटकं रचून तो सगळ्या बाजूंनी एकाच क्षणी दाबायचा, हा दुसरा मार्ग. १६ जुलै १९४५ची ट्रिनिटी चाचणी याच रचनेची, आणि नागासाकीचा बॉम्बही.

भारताची गोष्ट या दुसऱ्या वाटेने गेली. मुंबईजवळ ट्रॉम्बेला १९६०मध्ये कॅनडाच्या मदतीने ४० मेगावॉटची सायरस भट्टी सुरू झाली, तिला जड पाणी अमेरिकेचं. १९६४मध्ये तिथेच प्लुटोनियम वेगळं काढण्याचा कारखाना उभा राहिला. समृद्ध युरेनियम हाताशी नव्हतं, त्यामुळे १८ मे १९७४ रोजी राजस्थानात पोखरणला जमिनीखाली शंभर मीटरहून खोल फोडलेलं साधन प्लुटोनियमचंच असणार, हे उघड होतं. त्या कामाचे एक सूत्रधार राजा रामण्णा आपल्याच कर्नाटकातले, तुमकूरचे. गोळा सगळ्या बाजूंनी दाबणारी स्फोटकांची भिंगं चंदीगडच्या संरक्षण प्रयोगशाळेत घडली.

या स्फोटानंतर कॅनडाने हात काढून घेतला. १९८५मध्ये सुरू झालेली १०० मेगावॉटची ध्रुव भट्टी भारतीयांनीच बांधली, आणि तिच्या उभारणीत अनिल काकोडकरांचा वाटा मोठा. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक पुरुषोत्तम काकोडकर यांचे हे चिरंजीव. रुपारेल आणि व्हीजेटीआयमध्ये शिकून ते १९६४मध्ये ट्रॉम्बेला रुजू झाले.

याशिवाय आणखी एक जात आहे, हायड्रोजन बॉम्बची. त्यात आधी विखंडनाचा छोटा बॉम्ब फुटतो. त्याच्या क्ष-किरणांमुळे शेजारचं इंधन दाबलं जातं आणि हलके अणुगर्भ एकत्र येतात. १ नोव्हेंबर १९५२ला अमेरिकेने असा पहिला स्फोट केला तेव्हा पॅसिफिकमधलं एलुगेलाब बेट नाहीसं झालं.

११ मे १९९८ला पोखरणला फुटलेल्या तीन साधनांत एक याच जातीचं होतं. अधिकृत आकडा ४५ किलोटनांचा. परदेशी भूकंपतज्ज्ञांचे अंदाज त्याहून कमी होते, आणि २००९मध्ये चाचणीत सहभागी असलेले के. संथानम यांनीही ते साधन अपेक्षेपेक्षा कमी पडल्याचं सांगितलं. अणुशास्त्रज्ञ आर. चिदंबरम आणि काकोडकर यांनी ते ठामपणे फेटाळलं. या वादाचा निर्विवाद निकाल दुसरी चाचणी केल्याशिवाय लागेलसं मला वाटत नाही, पण त्यासाठी पुन्हा जमीन हादरवावी इतकं मोल त्या आकड्याला नाही. भारताने १९९८मध्ये स्वतःहून जाहीर केलेली चाचणीबंदी आजवर पाळली आहे. ती पुढेही पाळली जावी.